बोटांनी फिरवलेली दांडी : एका जुन्या रिव्हॉल्व्हरच्या अडकण्याचं प्रकरण

तक्रार दोन वाक्यांची होती. "सुरुवातीला झकास चालतं, मग चाप जड होत जातो. मागच्या वेळी तर सिलिंडर उघडेचना."

रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचं, पॉइंट ३८ स्पेशल या काडतुसाचं, १९५० च्या दशकात बनलेलं. सिलिंडर डावीकडे बाहेर झुकणारा. घोडा हाताने चढवूनही चालणारं आणि नुसता चाप ओढूनही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे निघालं त्यात कंपनीपेक्षा सत्तर वर्षांच्या वापराचा आणि मधल्या कुणाच्या तरी पक्कडीचा हात मोठा होता. मालक वयस्कर, वडिलांकडून आलेली वस्तू जपणारे. महिन्यातून एखादे वेळी रेंजवर पन्नास-साठ गोळ्या झाडायचे, घरी येऊन पुसून ठेवायचे. त्यांच्या मते दोष काडतुसांचा होता.

माझ्या टेबलावर कुठलंही हत्यार आलं की पहिलं काम ठरलेलं असतं. नळी सुरक्षित दिशेला ठेवायची, सिलिंडर उघडायचा, काडतुसांची सहाही घरं डोळ्यांनी बघायची आणि मग बोट घालून पुन्हा तपासायची. जिवंत काडतुसं त्या खोलीत ठेवायचीच नाहीत. अडकणाऱ्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत हे जास्तच पाळावं लागतं, कारण ते हाताळताना माणसाचं सगळं लक्ष अडकण्याकडे लागलेलं असतं.

पहिल्या दिवशी ते रिकामं आणि थंड होतं. सावकाश चाप ओढला. जुन्या हातघासणीच्या कामाला असतो तसा मऊ, एकसारखा ओढा. मग डाव्या हाताचं बोट सिलिंडरला हलकेच टेकवून, थोडा अडथळा देऊन पुन्हा ओढलं. सिलिंडर कुठे घासत असेल तर ते बोटाला आधी कळतं, चापाला नंतर. मार्करने घरांवर एक ते सहा आकडे घातले होते. तीन आणि चार नंबरच्या घरांपाशी किंचित जड लागलं. नळी खाली रोखली की थोडं कमी, वर रोखली की थोडं जास्त.

घरांनुसार बदलणारा जडपणा म्हटलं की पहिला संशय चांदणीखाली जातो. रिकाम्या केसेस, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची नळकांडी, एकदम बाहेर फेकणारा जो ताऱ्यासारखा तुकडा सिलिंडरच्या मागच्या अंगाला बसतो, त्याला आम्ही चांदणी म्हणतो. तिच्याच पाठीवर सिलिंडर फिरवणारे दाते कोरलेले असतात. चांदणी उचलून भिंगाखाली धरली तर खाली न जळलेल्या दारूचे दोन कण चपटे होऊन बसले होते. एवढासा कण चांदणीला मिलिमीटरचा लहानसा अंश उचलतो. पण मागच्या बाजूला, काडतुसाचा बुडखा आणि फ्रेमची भिंत यांच्यात, जागाच मुळात तेवढी असते. नळी वर केली की सिलिंडर मागे सरकतो आणि ती उरलीसुरली जागाही संपते. दात घासायच्या ब्रशने खाच साफ केली, चांदणीचा खालचा भाग पुसला, कोरडा ठेवला. तेल लावलं असतं तर पुढचे कण तिथेच चिकटले असते.

चाप पुन्हा ओढला. सहाही घरं लोण्यासारखी. मी मालकांना सांगितलं, "केसेस बाहेर टाकताना नळी आभाळाकडे करा आणि नळीखालची दांडी एका दमात जोरात दाबा. नळी जमिनीकडे ठेवून हळू दाबलंत तर केसबरोबर येणारी दारूची भुकटी चांदणीखाली उतरते." ते खूश होऊन गेले, मीही खूश झालो.

त्याच दिवशी एक गोष्ट डोळ्यांसमोर होती आणि मी ती पाहून सोडून दिली. नळीखाली जी बाहेर फेकणारी दांडी असते, तिच्या टोकाला पकड मिळावी म्हणून बारीक नक्षी असते. त्या नक्षीवर पक्कडीच्या दातांचे जुने ओरखडे होते. कुणीतरी अडाणीपणा केलाय, असं मनात म्हटलं आणि पुढे गेलो. अडाणी माणूससुद्धा कशाला तरी वैतागल्याशिवाय पक्कड उचलत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

दोन आठवड्यांनी ते परत आले. तक्रार तीच, शब्दसुद्धा तेच. तीन वेळा सिलिंडर भरून झाला, म्हणजे अठरा गोळ्या झाल्या, की चाप जड व्हायला लागतो. चोविसाव्या गोळीपर्यंत दोन बोटं लावावीशी वाटतात.

आता मला माझी चूक दिसली. ज्या अवस्थेत तक्रार होते, त्या अवस्थेत मी रिव्हॉल्व्हर पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं थंड, रिकामं, नुकतंच पुसलेलं. त्यात एक दोष सापडला, तो काढला आणि मोकळा झालो. कण खरे होते, त्यांचा अडथळाही खरा होता, पण मालकांच्या तक्रारीशी त्याचा जेमतेम संबंध होता. कण दोन घरांपाशी अडवत होते. मालक सांगत होते ते सगळीकडे सारखं जड होण्याबद्दल, तेही हळूहळू वाढत जाणारं.

म्हणून यावेळी हत्याराला हात लावायच्या आधी त्यांना प्रश्न विचारत बसलो. सगळी घरं सारखी जड होतात की एखाददुसरं? सारखी. घोडा अंगठ्याने चढवताना जड लागतं का? लागतं, चापापेक्षा कमी, पण लागतं. गोळी झाडल्यावर लगेच जड, की दहा मिनिटं थांबूनही तसंच? यावर ते घोटाळले, मग म्हणाले की थांबूनही तसंच. वेगवेगळ्या बनावटीची काडतुसं वापरून पाहिलीत का? दोन प्रकारची, फरक नाही.

या चार उत्तरांत निम्मी तपासणी होऊन जाते. रिव्हॉल्व्हर कुठे अडकतं हे शोधायला हत्यार उघडावं लागतं, पण ते कधी अडकतं हे वापरणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, फक्त कुणी विचारत नाही. भरलेलं असतानाच अडत असेल आणि रिकामं सुरळीत चालत असेल, तर प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टोपी, नीट खोल न बसलेली काडतुसं, जाड बुडखा किंवा घरांमधली काजळी. दर फेरीला एकदा जड आणि एकदा हलकं होत असेल, तर वाकलेली दांडी. एकाच घरापाशी अडत असेल तर त्या घराचा दाता, खाच किंवा खालचा कण. ताप चढला की अडतं आणि निवलं की सुटतं, तर नळी आणि सिलिंडर यांच्यातली पुढची फट. चाप जड पण सिलिंडर हाताने मोकळा फिरतोय, तर आतली यंत्रणा, बहुतेक वेळा वाळून लाखेसारखं झालेलं जुनं तेल. आमच्या प्रकरणात सगळी घरं सारखी, हळूहळू वाढत जाणारं, थांबल्याने न सुटणारं. म्हणजे गोळी झाडताना काहीतरी थोडंथोडं सरकत होतं आणि सरकलं की परत येत नव्हतं.

तरी मोजमाप केल्याशिवाय संशयित सोडायचे नाहीत. सिलिंडर बाहेर झुकवून, तो उघडायचा अंगठ्याचा खटका मागे ओढून धरला आणि चाप ओढला. या बनावटीत सिलिंडर उघडा असताना घोडा चढत नाही, खटका मागे धरला तरच चढतो. असं केल्याने आतली यंत्रणा सिलिंडरशिवाय एकटी चालवून बघता येते. ओढा स्वच्छ होता. मेनस्प्रिंग, घोडा, चाप, परतीची सरक, सगळे निर्दोष सुटले आणि साइडप्लेट, म्हणजे यंत्रणेवरचं बाजूचं झाकण, उघडायची गरज संपली. मला याचा आनंद झाला. जुन्या रिव्हॉल्व्हरचं जेवढं नुकसान गोळ्यांनी होत नाही तेवढं साइडप्लेटच्या फटीत चाकूचं पातं घालून ती उचकटणाऱ्यांनी केलेलं असतं. ती उचकटायची नसते. स्क्रू काढून मुठीच्या फ्रेमवर लाकडी हातोडीने टकटक केलं की धक्क्याने आपोआप वर येते.

पुढे फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या. नळीचं मागचं तोंड आणि सिलिंडरचा चेहरा यांच्यातली फट साधारण ०.१० ते ०.२५ मिमी असावी, म्हणजे हजारांश इंचांत ४ ते १०. सिलिंडर मागे दाबून फट निघाली ०.१८, पुढे दाबून ०.१५. पुढेमागे हलणं ०.०३ मिमी, या वयाला कौतुकास्पद. तापण्याने ही फट मिटेल का? पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे बारा दशलक्षांश भागाने वाढतं. सिलिंडर ४० मिमी लांब धरला आणि साठ अंशांनी तापला असं मानलं, तर वाढ येते ०.०३ मिमीच्या आत. शिल्लक फट शंभर टक्के पुरेशी. काजळी साचून फट भरते हे खरं, पण ती सिलिंडरच्या चेहऱ्यावर दिसली असती.

सिलिंडर उघडा ठेवून गरगर फिरवला आणि दांडीच्या टोकाकडे पाहत राहिलो. टोक जागच्या जागी फिरलं, डुललं नाही. दांडी सरळ. वापरलेल्या केसेस मालकांनी पिशवीत आणल्या होत्या. प्रायमरवर घासल्याचा आडवा ओरखडा एकाही केसला नव्हता.

संशयित संपले आणि मी तसाच बसून राहिलो. मग जो प्रश्न दोन आठवड्यांपूर्वीच विचारायला हवा होता तो विचारला. "सिलिंडर उघडत नव्हता तेव्हा शेवटी उघडलात कसा?"

"काही नाही हो, जरा इकडेतिकडे केलं, सुटला."

"कसं इकडेतिकडे? या रिकाम्यावर हातांनी करून दाखवा."

त्यांनी रिव्हॉल्व्हर घेतलं, डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी नळीखाली नेली, दांडीचं टोक चिमटीत धरलं आणि दोन-तीनदा फिरवलं. अगदी नकळत, बाटलीचं गंजलेलं झाकण फिरवावं तसं. मला पक्कडीचे ओरखडे आठवले आणि स्वतःचं हसू आलं.

दांडी सिलिंडरच्या आतल्या बाजूला चांदणीच्या दांड्याशी आट्यांनी जोडलेली असते. ती आतून पोकळ आहे आणि तिच्या पोकळीतून एक बारीक सेंटर पिन जाते. दांडीचं पुढचं तोंड नळीखालच्या लॉकिंग बोल्टला भिडलेलं असतं आणि बोल्टचं नाक त्या तोंडात थोडं शिरलेलं असतं. अंगठ्याचा खटका पुढे ढकलला की पिन पुढे सरकते, बोल्टचं नाक तोंडातून बाहेर सारते आणि सिलिंडर मोकळा होतो. पिन आणि दांडी यांची लांबी एकमेकींशी जुळलेली असणं हाच इथे जीव आहे. दांडी आट्यांवरून सुटून अर्धा-पाऊण मिलिमीटर लांबली, तर दोन गोष्टी घडतात. दांडी पुढच्या आधारावर रेटून घासायला लागते, म्हणून फिरणं जड होतं, आणि सहाही घरांना सारखंच जड होतं, कारण दांडी तर सतत घासते आहे. दुसरं म्हणजे पिन तोंडापर्यंत पोचत नाही, बोल्टचं नाक आतच अडकून राहतं आणि सिलिंडर उघडत नाही. मालकांची दोन्ही लक्षणं एकाच कारणातून येत होती.

ती सुटत का होती, याचं उत्तर फिरण्याच्या दिशेत आहे. या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर नेमबाजाच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे समोरून पाहिलं तर सुलट. दांडीचे आटे नेहमीचे, उजवे होते, म्हणजे समोरून सुलट फिरवली की घट्ट होणारे. सिलिंडर दांडीला सुलट घेऊन जातो, पण पुढच्या टोकाला बोल्टचं घर्षण तिला मागे धरतं. सिलिंडरच्या तुलनेत दांडी उलट फिरते. उलट फिरणं म्हणजे सुटणं. एका गोळीला केसभरही नाही, पण गोळीचा धक्का आणि तीन-चार भरण्या झाल्या की पुरेसं. स्मिथ अँड वेसनच्या याच धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पुढचं कुलूप, म्हणजे हा नळीखालचा बोल्ट, १९०२ च्या मॉडेलपासून आलं, आणि १९६० च्या आसपास दांडीचे आटे उजव्याचे डावे करण्यात आले. डाव्या आट्यांमुळे तेच घर्षण दांडी उलट घट्ट करतं. कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर उजवीकडे फिरतो आणि कुलूप मागेच असतं, त्यामुळे हा प्रश्न तिथे या रूपात येतच नाही. जुनं रिव्हॉल्व्हर घेऊन बसताना ते आटे बदलण्याआधीचं की नंतरचं हे कळलं पाहिजे, नाहीतर माणूस घट्ट करायच्या नादात चुकीच्या दिशेला जोर लावून आटेच कापतो.

एवढं सगळं जुळत असलं तरी पहिल्या वेळच्या फसगतीनंतर पुराव्याशिवाय काही मानायचं नाही असं ठरवलं. सिलिंडर उघडा ठेवून, सिलिंडरच्या चेहऱ्यापासून दांडीच्या टोकापर्यंतचं अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजलं, आकडा लिहून ठेवला. मग मालकांबरोबर रेंजवर गेलो. बारा गोळ्यांनंतर अंतर ०.२ मिमीने वाढलं. अठरानंतर चाप जड. चोवीसनंतर वाढ ०.६ मिमी. मी तिथेच थांबवलं. दांडी चिमटीत धरून फिरवली, ती सहज आत गेली आणि चाप पुन्हा पहिल्यासारखा.

पहिल्या दिवशी मला काही दिसलं नाही याचं कारणही कळलं. घरी जाताना मालकांनी दांडी फिरवून सिलिंडर उघडला होता, म्हणजे स्वतःच्या हाताने दोष दुरुस्त करूनच माझ्याकडे आणलं होतं.

दुरुस्ती तासाभराची, त्यात निम्मा वेळ सावधगिरीचा. योक, म्हणजे सिलिंडर ज्या बाहूवर बाहेर झुकतो तो, धरून ठेवणारा पुढचा स्क्रू काढून सिलिंडर योकसह बाहेर घेतला. हा स्क्रू दिसायला मागच्या स्क्रूसारखाच असतो, पण त्याचं टोक योकच्या खाचेला घासून बसवलेलं असतं. अदलाबदल झाली तर दांडी बरी होऊन योकच अडकेल. म्हणून काढल्याबरोबर तो वेगळ्या डबीत ठेवला. मग सहाही घरांत रिकाम्या केसेस भरल्या. दांडीवर जोर येतो तेव्हा तो पीळ चांदणीवर जातो, आणि चांदणीला जागेवर धरणाऱ्या बारीक पिना तुटू शकतात. केसेस भरल्या की तो पीळ त्यांच्या अंगावर पडतो. ही पायरी टाळून केलेली दुरुस्ती मी दोनदा पाहिली आहे, दोन्ही वेळा चांदणी ढिली होऊन आली होती.

व्हाइसच्या जबड्यांना तांब्याचा पत्रा लावून दांडी धरली आणि सिलिंडर हाताने फिरवून ती पूर्ण सोडवली. आटे तेलाने माखलेले होते. वरचेवर पुसून तेल लावणाऱ्या माणसाच्या हत्यारात असं होतंच, आणि तेलकट आटे सुटायला अर्धी मदत करतात. सॉल्व्हंटने दोन्हीकडचे आटे कोरडे केले, भिंगाने तपासले. थोडे झिजलेले, पण धड. मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा, एक थेंब काडीच्या टोकाने फक्त आट्यांच्या मधल्या भागात लावला. जास्त लावला तर तो ओघळून आतल्या सेंटर पिनपर्यंत जातो, पिन जाम होते आणि आपण एका अडकण्याच्या जागी दुसरं अडकणं बसवून देतो. कायमचा घट्ट बसणारा प्रकार इथे वापरू नये. तो सोडवायला एवढी उष्णता द्यावी लागते की दांडीच्या पोलादाचं काय होईल सांगता येत नाही. मध्यम प्रकार साधारण दीडशे अंश सेल्सिअसपर्यंत धरून राहतो आणि रेंजवर दांडी त्याच्या जवळपासही तापत नाही.

दांडी हाताच्या जोराने घट्ट बसवली, पिन आतबाहेर मोकळी सरकते हे पाहिलं, चोवीस तास तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी जोडणी केली. सिलिंडर बंद, उघडा, बंद. खटक्याचा आवाज आधीपेक्षा कोरडा आणि स्पष्ट येत होता, किंवा मला तसा ऐकू आला.

पुन्हा रेंज. अठरा गोळ्यांनंतर कॅलिपर, फरक शून्य. तिसानंतर शून्य. पन्नासाव्याच्या आसपास मालक म्हणाले, "जरा जड वाटतंय." माझ्या पोटात गोळा आला. कॅलिपर लावलं तर अंतर तेच. सिलिंडरच्या चेहऱ्यावर आणि नळीच्या तोंडाशी काजळीचा दाट थर होता. फडक्याने पुसला, जडपणा गेला. साठ गोळ्या पूर्ण झाल्या, सिलिंडर प्रत्येक वेळी अंगठ्याच्या एका दाबाने उघडला.

मालकांना एका कागदावर दांडीचं अंतर लिहून दिलं. रेंजवरून आल्यावर रिव्हॉल्व्हर रिकामं आहे याची खात्री करून, सिलिंडर उघडून दांडी चिमटीत धरून बघायची, हलली तर माझ्याकडे आणायची, स्वतः फिरवायची नाही. फिरवायची नाही हे मी दोनदा सांगितलं. ते हसले. नक्षीवरचे पक्कडीचे ओरखडे घासून काढू का, असं मी विचारलं होतं. "राहू द्या," म्हणाले, "ती पक्कड वडिलांची असणार."